बीड प्रेक्षकांत नव्हतं

दुसऱ्या महायुद्धाशी मराठवाड्याचा काडीइतकाही संबंध नव्हता, हा सिद्धान्त मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याची आता सवय व्हायला हवी होती. पण परवा तो आमच्याकडच्या एका व्याख्यानमालेत मांडला गेला. समोर शाळेची मुलं रांगेनं बसवलेली होती आणि शेवटी टाळ्याही पडल्या. म्हणून हा खटाटोप. व्याख्यात्यांचं नाव सांगण्याची गरज नाही. हे मत एकट्या त्यांचं असतं तर मी लिहायलाही बसलो नसतो.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. हे युद्ध दोन गटांचं होतं. एकीकडे जर्मनी, इटली, जपान. दुसरीकडे ब्रिटन, रशिया, अमेरिका. १९३९ ला पोलंडवर हल्ला झाला, १९४० ला फ्रान्स पडला, १९४१ ला हिटलर रशियात घुसला आणि जपाननं पर्ल हार्बर गाठलं. मग १९४२ ला मिडवे आणि एल अलामेन, १९४३ च्या फेब्रुवारीत स्टालिनग्राड, १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडी, १९४५ ला बर्लिन आणि हिरोशिमा. या वाटेवर बीड कुठंच लागत नाही. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात निजलेलं होतं. लढायला गेले ते साताऱ्याचे आणि कोकणातले. निजामानं काही दिलं-घेतलं असेल तर तो त्याचा शौक. रयतेचा त्यात काय संबंध? तेव्हा 'आपण या युद्धाचे प्रेक्षकसुद्धा नव्हतो.' सव्वा तासाचं भाषण मी आठ-दहा ओळींत बसवलं, यात त्यांच्यावर थोडा अन्याय झाला असेल. मजकुरावर मात्र झालेला नाही.

आता त्यांच्याच तारखांच्या यादीत एक तारीख घालतो. ४ सप्टेंबर १९३९. ब्रिटननं युद्ध पुकारलं त्याचा दुसरा दिवस. त्या दिवशी ब्रिटिश हवाई दलाची ब्लेनहाइम विमानं विल्हेल्म्सहाफेनच्या जर्मन युद्धनौकांवर गेली. या युद्धातला ब्रिटनचा हा पहिला बॉम्बहल्ला. फार मोठा पराक्रम झाला असंही नाही. नौकेवर पडलेले काही बॉम्ब फुटलेच नाहीत आणि अर्धी विमानं परत आली नाहीत. पण त्या हल्ल्यात पुढं असलेल्या ११० क्रमांकाच्या तुकडीचं पूर्ण नाव काय होतं? ११० हैदराबाद स्क्वाड्रन. व्याख्याते ज्या युद्धाच्या वाटेवर आपल्याला शोधत होते, त्या वाटेच्या पहिल्याच दगडावर आपल्या संस्थानाचं नाव आहे.

हे नाव कुठून आलं, ते पहिल्या महायुद्धात सापडतं. १९१८ मध्ये या तुकडीला मिळालेली डीएच-९ए जातीची विमानं निजामाच्या देणगीतून घेतली होती आणि प्रत्येक विमानावर हैदराबादचं नाव रंगवलेलं होतं. ती विमानं फ्रँकफर्ट आणि मानहाइमवर बॉम्ब टाकत होती. त्यातलं एक जर्मनांच्या हाती लागलं, बर्लिनच्या संग्रहात गेलं, दुसऱ्या महायुद्धात तिथून पोलंडात हललं आणि फिरत फिरत ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयात येऊन पोचलं. विमानावर आमचं नाव आणि आम्ही म्हणे प्रेक्षकसुद्धा नाही!

दुसऱ्या युद्धात अशा तुकड्या तीन झाल्या. १५२ हैदराबाद स्क्वाड्रन १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्पिटफायर उडवत होती. २५३ हैदराबाद स्टेट स्क्वाड्रनकडे हरिकेन विमानं होती. १५२ च्या बिल्ल्यावर निजामाची दस्तार होती आणि बोधवाक्य होतं 'विश्वासू मित्र', म्हणजे १९१८ साली ब्रिटिशांनी निजामाला दिलेला किताबच. हीच तुकडी पुढं ब्रह्मदेशच्या आघाडीवर आली. ऑस्ट्रेलियाच्या नौदलात 'निजाम' नावाची विनाशिका होती. १९४१ च्या मे महिन्यात ती क्रीट बेटावरून माघार घेणाऱ्या सैनिकांना काढत होती आणि २ सप्टेंबर १९४५ रोजी जपाननं शरणागतीवर सह्या केल्या तेव्हा टोकियोच्या उपसागरात उभी होती. पहिल्या बॉम्बपासून शेवटच्या सहीपर्यंत नाव आहे. हजेरीपटावर इतकी सलग हजेरी आमच्या व्याख्यात्यांचीही नसेल.

इथं ते हात वर करतील : हे सगळं निजामाचं झालं, बीडचं काय? मला हाच प्रश्न हवा होता, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे.

हैदराबाद संस्थानाचा खजिना आकाशातून पडत नव्हता. गावात पाटील आणि पटवारी, वर गिरदावर, त्याच्यावर तहसीलदार, जिल्ह्याला अव्वल तालुकदार, या उतरंडीनं शेतसारा वर चढत जाई. शिंदी-ताडीवरची अबकारी वेगळी, करोडगिरी वेगळी. गेवराईच्या गोदाकाठची काळी जमीन असो की आष्टी-पाटोद्याची बालाघाटावरची मुरमाड, सारा चुकत नव्हता. तो भरायचा हाली रुपयात, म्हणजे निजामाच्या नाण्यात, आणि शंभर ब्रिटिश कलदारला साधारण एकशे सोळा हाली पडत. म्हणजे परदेशात कलदारी खर्च करायचा तर आमच्या शेतकऱ्याला आधी शंभरामागे सोळा रुपये जास्त मोजावे लागत, मग निजामाचं विमान उडे.

यावर एक चलाख उत्तर मी जुन्या वादांत ऐकलेलं आहे : देणग्या सरकारी खजिन्यातून नव्हत्या, निजामाच्या खासगीतून होत्या. बरं. पण खासगी म्हणजे काय? सर्फ-ए-खास. आणि सर्फ-ए-खास म्हणजे काही तिजोरीत ठेवलेले हिरे नव्हेत. तीही गावंच, त्यांतही रयतच, तिथंही सारा. १९४९ मध्ये ती मिळकत सरकारात विलीन झाली तेव्हा हिरे मोजायला नव्हे, गावं मोजायला लागली. हा पैसा दिवाणीचा म्हणा, जहागिरीचा म्हणा, खाशाचा म्हणा. तो मुळात कोणाच्या ज्वारीतून, कोणाच्या कपाशीतून निघाला एवढंच विचारा. उत्तर हैदराबादच्या चारमिनारापाशी सापडणार नाही. सिंदफणेच्या काठी सापडेल. आणि त्या बदल्यात बीडला काय मिळालं? दोन्ही महायुद्धं आटोपल्यावर बीड शहरात रेल्वे यायला ऐंशी वर्षं लागली. इंग्लंडच्या आकाशात विमान आधी, आपल्या शिवारात रूळ नंतर. याला व्याख्याते 'संबंध नसणं' म्हणतात. मी याला संबंधच म्हणतो, फक्त एकतर्फी.

'पण रयतेला कुणी विचारलं होतं?' नव्हतं विचारलं. साताऱ्याच्या पोरालाही युद्ध करायचं की नाही हे कुणी विचारलं नव्हतं. व्हाइसरॉयनं ३ सप्टेंबर १९३९ ला हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं परस्पर जाहीर करून टाकलं होतं. संमती नसलेल्यांना इतिहासातून वगळायचं ठरवलं तर त्या युद्धात लढलेले पंचवीस लाख हिंदी सैनिक आणि बंगालच्या दुष्काळात मेलेली सगळी माणसं वगळावी लागतील. मग उरतं काय? चर्चिल, आणि त्याचा सिगार.

सैनिकांचा मुद्दा लवकर उरकतो. मराठा लाइट इन्फंट्रीत मुख्यतः ब्रिटिश मुलखातली माणसं होती हे खरंच. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात प्राण देऊन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे कोकणातले, रायगडकडचे, आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर तो मिळवणारे नामदेव जाधव नगर जिल्ह्यातल्या निमजचे. आष्टी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. मध्ये तेव्हा संस्थानाची सरहद्द होती, समुद्र नव्हता. आणि अंबाजोगाईची, तेव्हाच्या मोमिनाबादची, छावणी कशाची होती? हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची. १९०३ मध्ये ती फौज हिंदी सैन्यात मिसळली. तिच्यातूनच निघालेल्या डेक्कन हॉर्सनं १४ जुलै १९१६ ला सोमच्या रणांगणावर, मशीनगनच्या युगात, भाले घेऊन हल्ला केला. त्यात बीडचा स्वार होता असा दावा मी करत नाही. त्या पलटणीत शीख, जाट आणि दख्खनी मुसलमानांची भरती जास्त असे. पण जिथल्या मैदानावर घोडी फिरली त्या गावानं आपल्याला फक्त मुकुंदराज आणि दासोपंतच ठाऊक आहेत असं सांगत बसावं, हे काही मला पटत नाही.

याच ओघात एक जुना वाद आठवतो. हिंदी सैनिक भाडोत्री होते की शूर, यावर आमच्याकडे एका पिढीनं शाई आटवली. एक बाजू म्हणे, साहेबाच्या पगारावर मेले त्यांचं कौतुक कशाला? दुसरी बाजू पदकं मोजायची. सैन्यात शिरून शस्त्रं शिकून घ्या म्हणणारे एकीकडे, १९४२ ला तुरुंगात गेलेले दुसरीकडे, आणि दोघांचे चेले अजून चहाच्या टपरीवर भांडत असतात. मला या भांडणात एवढंच खटकतं की त्यात हैदराबाद संस्थानाचा माणूस कुठंच नसतो. त्याला भरतीचा प्रश्न पडायला वेळ नव्हता. त्याच्या राज्यात स्टेट काँग्रेसवर १९३८ पासून बंदीच होती. त्याचं युद्ध धान्याच्या कोठारात चाललं होतं.

तेही सांगतो. ८ मार्च १९४२ ला रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला. भाव चढले. संस्थानानं लेव्ही लावली : पिकाचा ठरावीक वाटा सरकारी भावानं सरकारात घालायचा, उरेल ते घरात. बाजारभाव आणि सरकारी भाव यांतली तफावत शेतकऱ्याच्या गळ्यात. वजनदार देशमुख-पाटलांनी कोठारं लपवायची आणि पाच एकरवाल्यानं आपली लेव्ही भरून शेजारच्याचीही झळ सोसायची, असा हा न्याय. कापड नियंत्रणात, रॉकेल नियंत्रणात. जपानचा झेंडा रंगूनवर चढला आणि इथं कंदिलातलं रॉकेल आटलं, यापेक्षा जवळचा संबंध मला तरी माहीत नाही. पण व्याख्यात्यांच्या यादीत १९४२ म्हणजे मिडवे आणि एल अलामेन. रंगूनचं नावही नाही.

'निजलेलं बीड' हा शब्दप्रयोग तर मी वादातसुद्धा घेत नाही. ज्या काळात स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या शाळेतून उठून संस्थानभर चळवळ उभी करत होते, त्या काळाबद्दल हे बोलायचं म्हणजे धाडसच.

आता माझं म्हणणं. ते त्यांच्याइतकं गोळीबंद नाही, आधीच कबूल करतो. महायुद्धाची तारीखवार वाट शिकवावी; स्टालिनग्राडला जे घडलं ते आष्टीला घडलं नव्हतं, हे मला कळतं. पण मुलांना दोन गट शिकवताना तिसरी गोष्टही शिकवावी : गटात मोठे असतात तसे त्यांचे आश्रित असतात, आणि आश्रितांचे शेतकरी असतात. निजाम आश्रित होता. त्यानं दोन युद्धांत पैसा दिला, विमानं दिली, किताब घेतला. मग १५ ऑगस्ट १९४७ ला ब्रिटिशांची सार्वभौम सत्ता संपली आणि ज्या मित्रासाठी हे केलं, त्या मित्रानं स्वतंत्र डोमिनियनची मागणी बाजूला सारून गाठोडं बांधलं. युद्धात ब्रिटन इतकं खंगलं होतं की त्याला दुसरं काही परवडणारं नव्हतं.

म्हणून आमच्या भागात युद्धाचा शेवट १९४५ ला शोधू नये. १९४८ मध्ये सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून निजामासाठी चोरून शस्त्रं आणत होता ती लँकेस्ट्रियन विमानांतून, म्हणजे जर्मनीवर बॉम्ब टाकणाऱ्या लँकेस्टरच्याच नागरी भावंडांतून. १८ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्याला शरण आलेले निजामाचे सेनापती एल एद्रूस पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनमध्ये हैदराबाद लान्सर्समधून लढलेले. ज्यांनी शरणागती घेतली ते जनरल जयंतनाथ चौधरी दुसऱ्या महायुद्धात आफ्रिका आणि ब्रह्मदेश पाहून आलेले. दोघंही एकाच साम्राज्याच्या फौजेत घडलेले. आपण दर १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनी, झेंडा लावतो त्या दिवसाकडे जाणारी वाट या दोन युद्धांतूनच येते.

यासाठी नवं पाठ्यपुस्तक नको आणि आणखी एक व्याख्यानमाला तर मुळीच नको. युद्धकाळातली, फसली १३५२ च्या आसपासची लेव्हीची आणि साऱ्याची दप्तरं तहसिलांतून, जुन्या पटवारी घराण्यांतून काढावीत. ती उर्दूत असणार, बरीचशी शिकस्ता या घसरट वळणात. ती वाचू शकणारी म्हातारी माणसं बीड, परळी, माजलगावात अजून असतील तर त्यांना आधी गाठावं, प्रवासखर्च द्यावा, आणि त्यांच्या शेजारी नववी-दहावीची चार मुलं वही घेऊन बसवावीत.