सब्राचा खर्च कोण देणार?

बीड जिल्ह्यात कुठल्याही खेळाडूचा सत्कार असू द्या, एक तरी वक्ता माईक हातात घेऊन म्हणतोच की आजच्या पोरांमध्ये सब्र नाही, त्यांना सगळं लगेच पाहिजे. आपल्या मोहल्ल्यातही जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर हीच तक्रार ऐकू येते. मला ती मान्य नाही.

नारायणगड म्हटलं की बाहेरच्या लोकांना २०२४ चा दसरा मेळावा आठवतो. गडाच्या चढावर एकदा पहाटे येऊन बघा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पळत असतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. कैक जण आईबापांबरोबर उसाच्या फडात वाढलेले. दोन भरत्या हुकल्या तरी तिसरीसाठी पळतात. यांना सब्र नाही म्हणायला जीभ कशी रेटते? त्यांच्याकडे सब्र आहे, वेळ नाही. घरातून रोज विचारणा होते, अजून किती दिवस? आणि एक दिवस पोरगा बूट काढून गॅरेजला लागतो किंवा पुण्याची गाडी पकडतो.

आपल्याच जिल्ह्यातला अविनाश साबळे घ्या. आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, वीटभट्टीवर राबणारे आईबाप, शाळेसाठी रोजची कित्येक किलोमीटरची पायपीट. इथपर्यंत सगळे वक्ते सांगतात. पुढचं गाळतात. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम असं करत २०१५ मध्ये तो सैन्यातल्या क्रॉसकंट्रीकडे वळला. मध्यंतरी वजन वाढलं होतं, ते त्यानं घाम गाळून उतरवलं. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसमध्ये आणलं. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्यानं ८ मिनिटे २९.८० सेकंदांत शर्यत पूर्ण केली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. २०२२ ला राष्ट्रकुलात रौप्य (सुवर्ण ०.०५ सेकंदानं हुकलं), २०२३ ला आशियाई सुवर्ण, २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी.

मेहनत त्याची स्वतःची, यात वाद नाही. पण त्या सगळ्या वर्षांत महिन्याच्या महिन्याला पगार येत होता, जेवण मिळत होतं, डॉक्टर होता, प्रशिक्षक होता. त्याच्या सब्राचं बिल सैन्यानं भरलं. मांडव्यात राहून त्यानं हेच केलं असतं का? वक्त्यांनी याचं उत्तर द्यावं.

दुसरं उदाहरण तर बीड शहरातलंच. ६ फेब्रुवारी २०२४ ला बेनोनीत एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी होती. २४५ धावा करायच्या होत्या आणि भारताचे ३२ वर ४ गडी बाद. सचिन धसनं ९६ धावा काढल्या, कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ ची भागीदारी केली. त्या रात्री जिल्हाभर फटाके वाजले. पण सचिन साडेचार वर्षांचा असल्यापासून सराव करत होता, म्हणजे ही चौदा-पंधरा वर्षांची कमाई. वडील संजय धस यांनी कर्ज काढून खेळपट्ट्या करून घेतल्या. बीडसारख्या दुष्काळी गावात गवताची खेळपट्टी जिवंत ठेवायची म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. टँकर मागवावा लागतो. आई पोलीस दलात. आणि शिकवणारे उस्ताद शेख अझहर. विजयाच्या फलकांवर त्यांचं नाव किती ठिकाणी होतं, तुम्हीच आठवून बघा.

हॉकीत हे जुन्या लोकांना नीट कळलं होतं. खडकीचा धनराज पिल्ले मोडक्या स्टिकवर शिकला, हे खरंच आहे. पण त्याला पुढे महिंद्राचा संघ मिळाला, मग विमान कंपनीची नोकरी. बनारसचा मोहम्मद शाहिद विसाव्या वर्षी मॉस्कोचं ऑलिंपिक सुवर्ण घेऊन आला, त्याला रेल्वेनं सांभाळलं. आज लिलावात एका पोराला लाखो मिळतात ते टीव्हीवर दिसतं. त्याच्याबरोबर खेळलेली, दोन वर्षं उशिरा पिकणारी पोरं कुठं जातात, कोण विचारतो?

आणि आपण काय करतो? टेनिस बॉलच्या चषकाला लाखाचं बक्षीस ठेवतो. डीजे, कमान, नेत्यांचे फोटो, तीन दिवसांत पैसा संपतो. त्यात खेळणारा अठरा वर्षांचा वेगवान गोलंदाज खांदा दुखावून घेतो, तर त्याच्या एमआरआयला वर्गणी निघत नाही. झटपट अंग बनवण्याची इंजेक्शनं विकणाऱ्यांचं त्यामुळेच फावतं. पोराला ठाऊक असतं की आपल्याला एकच हंगाम मिळणार आहे.

सब्र या शब्दाची आपण फार गैरसोय केली आहे. गरिबानं गप्प बसावं म्हणून तो वापरला जातो. माझ्या समजुतीप्रमाणे सब्र म्हणजे टिकून राहणं, आणि टिकून राहायला अंडी, दूध, बूट, भाडं लागतं. बापाला घरखर्चाचा धीर लागतो.

म्हणून पुढच्या चषकाची वर्गणी मागायला येणाऱ्यांना माझा प्रस्ताव आहे. यंदा चषक नको. गावातली दोन पोरं निवडा, एक मुलगीही चालेल, नव्हे असावीच. निवड मैदानावरच्या उस्तादानं करावी, नगरसेवकानं नको. पाच वर्षं त्यांचा खुराक, प्रवास आणि उस्तादाचं मानधन द्यायचं, हिशोब दर सहा महिन्यांनी मशिदीच्या आणि शाळेच्या फलकावर लावायचा. पहिली दोन वर्षं एकही पदक आलं नाही तरी पैसे थांबवायचे नाहीत. एवढं लिहून सही करणार असाल तर माझी वर्गणी आजच घेऊन जा.