मशीनला जावई कळत नाही

माझी सासुरवाडी सौंसरची. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचं हे संत्र्याचं गाव 2023 पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. जिल्हा मध्य प्रदेशात, पण घराघरात मराठी. आपल्याकडे जशी कन्नड, तशी तिथे जोडीला हिंदी.

पोळ्याला गेलो होतो. मेहुण्याने ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून सुरी करायला घेतली होती. भात्याशेजारी नवं बेल्ट ग्राइंडर. मलाही हुरूप आला. हातमोजे चढवून पुढे झालो, तसा तो ओरडला, "पहिले मोजे काढा भाऊजी! मशीनले जावई समजत नाही!"

मला वाटलं होतं, मोजे म्हणजे सुरक्षा. पण फिरता पट्टा मोज्याचा धागा पकडतो आणि त्यामागे हात ओढला जातो. शिवाय उघड्या बोटांना पातं तापल्याचं लगेच कळतं. उपरणं, सैल बाही, हातातला गंडा हेही नकोच. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला धुळीचा मास्क मात्र हवाच.

मग त्याने प्लग काढून पट्टा बसवला. पट्ट्याच्या आतल्या बाजूचा बाण चाकाच्या दिशेने आहे ना, जोड उकललेला नाही ना, हे पाहिलं. चाक हाताने फिरवलं. पट्टा कडेला सरकू लागला, तेव्हा नॉब किंचित पिळून तो मध्यावर आणला. पातं टेकवायची पट्टी पट्ट्यापासून दोन-तीन मिलिमीटरवर घेतली. फट मोठी राहिली, तर पातं किंवा बोट आत खेचलं जातं. त्यानंतर क्षणभर बटण दाबून पाहिलं आणि मगच काम.

धार बारीक झाली की पातं असं धरायचं, की पट्टा पाठीकडून धारेकडे जाऊन बाहेर पडेल. उलट धरलं तर धार पट्ट्यात रुतते, पट्टा फाटतो, पातं उडतं. दोन-तीन फेऱ्यांनी पातं पाण्यात बुडवायचं. धारेवर निळी झाक आली, की पोलादाचं पाणी उतरलं समजा. निळेपणा घासून जाईल, कठीणपणा परत येत नाही. झिजलेला पट्टा जास्त तापवतो. तिथे काटकसर नको.

मुठीचं लाकूड घासण्याआधी त्याने लोखंडाचा कीस झाडून काढला. लाकडाच्या भुशात ठिणगी पडली तर ती आत धुमसत राहते. घरात कापसाचे ढीग असणाऱ्या गावात हे वेगळं सांगावं लागत नाही.

परतताना ती सुरी आईसाठी आणली. आमची आई ईळिगेवर भाजी चिरणारी. तिने बोटाने धार अजमावली आणि विचारलं, "साणे कोणी हिडिलं?" अर्धं कन्नड, अर्धं मराठी. मेहुण्याने, म्हटलं. माझी दहाही बोटं तिने एकदा पाहून घेतली आणि मगच सुरी फळीवर ठेवली.

वाचकहो, धार कोणीही लावील. हात शाबूत ठेवून लावणं, हीच खरी कारागिरी.