ती जमीन आपल्याकडे आली कशी?



नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांतील फरकाविषयी गेल्या अंकात जो लेख लिहिला होता, त्यावर अनेकांनी दूरध्वनी करून शंका विचारल्या. त्यांची उत्तरे पुढील महिन्यात देण्याचा मानस आहे. या महिन्यात ठेवी, व्याजदर आणि करबचत हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून एका निबंधाची हकीकत सांगतो. निबंध माझा नाही, माझ्या नातीचा आहे. पण त्या निमित्ताने माझ्या हिशेबातील एक जुनी नोंद मला नव्याने वाचावी लागली.

नात पुण्यात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इतिहास हा तिचा विषय. शिक्षणासाठी ती आमच्याकडेच राहते. जुलैमध्ये महाविद्यालयाने अंतर्गत मूल्यमापनासाठी दोन हजार शब्दांचा निबंध सांगितला आणि विषयांच्या यादीतून तिने निवडला, १८७५ चा दख्खनचा उठाव. सायंकाळच्या जेवणाच्या वेळी तिने हे सांगितले तेव्हा मी म्हणालो, ‘‘बेटा, दुसरा एखादा विषय घे. यात वाद फार आहेत.’’ खरे कारण वेगळे होते. त्या वर्षी पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी ज्यांची दुकाने फोडून कर्जखते जाळली, ते बहुतेक मारवाडी आणि गुजर सावकार होते. आमचे घराणेही मारवाडातून नगर जिल्ह्यातील एका खेड्यात येऊन स्थिरावलेले. तिने हे ओळखले की नाही, ठाऊक नाही. तिने विषय मात्र बदलला नाही.

पहिला मसुदा तिने एका रात्रीत लिहिला. कर्जप्रस्ताव तपासण्याच्या सवयीने मी तो वाचला. विधाने ठाम, पण एकाही विधानाखाली आधार नाही. ‘परप्रांतातून आलेल्या रक्तपिपासू सावकारांनी’ अशी सुरुवात होती. ते वाक्य मला लागले. मी तिला समोर बसवून आमच्या पूर्वजांची कथा सांगितली. लोटा-दोरी घेऊन ते कसे आले, पेरणीच्या दिवसांत दुसरे कोणी दारात उभे करीत नसताना त्यांनी शेतकऱ्याला बी-बियाणे आणि धान्य उधार कसे दिले, पाऊस न पडल्यास त्यांचेही पैसे कसे बुडत. यातले काहीही खोटे नव्हते. परंतु तिचा दुसरा मसुदा संपूर्णपणे माझ्या सांगण्यावर उभा राहिला.

तिच्या प्राध्यापिकांनी दोन्ही मसुदे एकत्र परत पाठवले. शेवटी त्यांनी लिहिले होते : पहिल्या निबंधात सावकार राक्षस आहे, दुसऱ्यात परोपकारी. दोन्ही वेळा तू पुरावा पाहण्याआधी निकाल दिला आहेस. पुन्हा लिही.

ती त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र ग्रंथालयात जाऊ लागली. महिनाभर रोज सायंकाळी ती टिपणवही माझ्यासमोर उघडी आणि मी ऐकत असे.

घटना साधारण अशी. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाल्याने आपल्याकडील कापसाला अपूर्व भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली, शेतकऱ्यांनीही ती घेतली. युद्ध संपले, भाव कोसळले, सावकारांनी हात आखडता घेतला. याच सुमारास जमीनमहसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला, आणि तो रोखीने भरणे भाग होते. १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी लोकांनी सावकारांवर सामाजिक बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारपेठेत जमावाने व्यापाऱ्यांकडे वह्या आणि खते मागितली व त्यांची होळी केली. ही लाट आसपासच्या अनेक गावांत पसरली. खते हाती देणाऱ्या सावकारांना शारीरिक इजा सहसा झाली नाही. राग कागदावर होता.

तिच्या टिपणवहीत एका पानावर तिने लाल शाईने लिहिले होते, ‘अहवाल कोणाचा?’ सरकारने या प्रकरणी आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवला गेला. त्या अहवालात सावकारांवर बोट ठेवले आहे, वाढीव साऱ्यावर नाही. ‘‘नानाजी, सारा वाढवणारे सरकार, आयोग नेमणारेही सरकारच. मग ते स्वतःला दोष कसा देईल?’’ असे तिने विचारले. मला बरे वाटले. परंतु तिने लगेच पुढची पाने उलटून त्याच अहवालातील शेतकऱ्यांच्या जबान्या वाचून दाखवल्या. अहवालाचा निष्कर्ष एकांगी आहे एवढ्यावरून त्यातील जबान्या खोट्या ठरत नाहीत, हे तिने मला सांगायला नको होते. ते मलाच तिला सांगता यायला हवे होते. पुढे नील चार्ल्सवर्थ या अभ्यासकाने १९७२ मध्ये, या दंग्यांना वास्तवाहून मोठे रूप दिले गेले आहे, असा पक्ष मांडल्याचेही तिला आढळले. तेही तिने टिपून ठेवले.

एक गणित मात्र तिने माझ्याकडून सोडवून घेतले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न झालेल्या कर्जखताला तीन वर्षांची मुदत घातली. व्याज साचत जाऊ नये, हा हेतू. घडले उलटे. मुदत संपत आली की सावकार मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेई. समजा, ४० रुपये कर्ज, दर दरमहा शेकडा दोन रुपये. सरळ व्याजाने नऊ वर्षांनी १२६ रुपये होतात. दर तीन वर्षांनी खत बदलले तर पहिल्या वेळी ६९, दुसऱ्या वेळी ११८ आणि नवव्या वर्षी २०४ रुपये होतात. आपल्याकडील जुन्या दामदुपटीच्या नियमाने व्याज मुद्दलाहून अधिक घेता येत नाही, म्हणजे ८० रुपयांवर हिशेब थांबला पाहिजे. पण खत नवे केले की जुने व्याज मुद्दल बनते आणि दामदुपट निष्प्रभ होते. मी हे आकडे मांडले तेव्हा तिने एकदम विचारले, ‘‘नानाजी, आपली जमीन कुळकायद्यात गेली असे तुम्ही सगळे नेहमी म्हणता. ती आपल्याकडे आली कशी?’’

वाचकहो, लहानपणापासून मी हे वाक्य ऐकत आलो आहे. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले आणि आमची चार एकर जमीन गेली. आजोबा अखेरपर्यंत त्याची खंत करीत. ती कशी आली, हा प्रश्न साठ वर्षांत मला पडला नव्हता. किंवा पडू दिला नव्हता.

गावच्या घरी एक जुनी वही आहे. दिवाळीला वहीपूजनात ती सर्वांत खाली ठेवली जाते. उघडली कधी जात नाही. मोठे बंधू तिची राखण करतात आणि त्यांनाच ती मात्रा-वेलांट्या नसलेली मुडिया लिपी थोडीफार वाचता येते. ऑगस्टमध्ये आम्ही आजोबा-नात गावी गेलो. बंधूंनी प्रथम साफ नकार दिला. ‘‘घरची वही चव्हाट्यावर मांडायची नसते,’’ असे म्हणाले. नातीने वाद घातला नाही. तिने फक्त विचारले, ‘‘मोठे नानाजी, तुम्ही तरी ती पूर्ण वाचली आहे का?’’ त्यांनीही वाचली नव्हती. दुपारी त्यांनी चष्मा लावला.

संवत १९५६, म्हणजे छप्पनियाच्या दुष्काळाचे साल. एका शेतकऱ्याच्या नावे धान्य आणि रोख मिळून ४० रुपये. दर दरमहा शेकडा दोन. पुढे सहा वर्षे एकही जमा नाही. संवत १९६२ ला व्याजासह ९७ रुपये साडेनऊ आणे, आणि त्याखाली एक ओळ : जमीन खरेदी लिहून घेतली, खाते चुकते. बंधूंनी ती ओळ दोनदा वाचली. मी मनातल्या मनात हिशेब केला. दामदुपटीची मर्यादा १७ रुपयांनी ओलांडली होती. त्याच पानावर दुष्काळात दिलेल्या धान्याच्या इतर बऱ्याच नोंदी होत्या आणि त्यांतील काहींपुढे ‘बुडीत’ असेही लिहिले होते. पणजोबांनी धान्य दिले, हे खरे. चार एकर घेतले, हेही खरे. अनेकान्ताचे प्रवचन आपण दरवर्षी ऐकतो. मला ते त्या दुपारी एका पानावर लिहिलेले दिसले.

त्या शेतकऱ्याचा पणतू माझा शाळेतला सोबती. त्याच्या घराण्याने ती जमीन पुढे पन्नास वर्षे आमचे कूळ म्हणून अर्धेलीने कसली. सायंकाळी आम्ही त्याच्याकडे गेलो. नातीने सरळ विषय काढला. मला तेवढे धैर्य झाले नसते. तो हसला आणि म्हणाला, ‘‘शेट, तुमच्याकडं तिला गेलेली जमीन म्हणतात नव्हं? आमच्यात अजून सुटलेलं वावर म्हणत्यात.’’ मग त्याने चहा मागवला आणि यंदाच्या कांद्याविषयी बोलू लागला. तेवढ्यावरच तो विषय संपला, निदान त्याच्या बाजूने.

रात्री मला झोप आली नाही. ३६ वर्षे मी बँकेत होतो आणि त्यांतील बरीच ग्रामीण शाखांत. दर मार्चमध्ये आम्ही पीककर्जाचे ‘नवे-जुने’ करीत असू. जुने कर्ज व्याजासह फिटल्याचे दाखवायचे, त्याच दिवशी तेवढ्याच किंवा थोड्या अधिक रकमेचे नवे कर्ज द्यायचे. कागदावर वसुली पूर्ण, शाखेचे लक्ष्य पूर्ण. शेतकऱ्याच्या हाती अंगठ्याची शाई. दर खूपच कमी होता आणि पावती मिळत होती, हे मान्य. तरी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा कागद करण्याची ती क्रिया पणजोबांना ओळखीची वाटली असती. मी कधी तिला खत बदलणे म्हटले नाही, कारण आमच्याकडे तिला दुसरा शब्द होता.

सकाळी बंधूंनी नातीला परवानगी दिली, एका अटीवर. ‘‘आपले लिही. त्यांचे नाव लिहू नकोस. लाज वाटायची असेल तर ती आपल्याला वाटू दे.’’

तिसरा मसुदा तिने चार वेळा दुरुस्त केला. ‘रक्तपिपासू’ गेले, ‘परोपकारी’ही गेले. त्यांच्या जागी दर, मुदत, सारा आणि भाव आले. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी १८७९ मध्ये आलेला शेतकरी संरक्षणाचा कायदाही तिने घेतला. त्याने न्यायालयाला खतामागचा सगळा व्यवहार उकलून पाहण्याचा अधिकार दिला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले. पण पणजोबांचे खाते न्यायालयात गेलेच नाही. राजीखुशीने खरेदीखत झाले, असे कागद सांगतो. ती राजीखुशी किती खरी होती हे वहीवरून कळत नाही, असे तिने स्पष्ट लिहिले. शेवटच्या परिच्छेदात गेलेली जमीन आणि सुटलेले वावर हे दोन शब्द तिने शेजारी ठेवले आणि त्यावर काहीही भाष्य केले नाही. मी म्हणालो, ‘‘एखादे समारोपाचे वाक्य हवे.’’ ती म्हणाली, ‘‘नको नानाजी. तेच पहिल्या दोन वेळा चुकले होते.’’

निबंधाला वीसपैकी चौदा गुण मिळाले. शब्दमर्यादा ओलांडल्याबद्दल दोन गुण कापले होते, ते योग्यच झाले. प्राध्यापिकांनी तो वर्गात वाचून दाखवायला सांगितला.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशा वह्या आहेत. वाळवी लागण्यापूर्वी आणि लिपी वाचणारी शेवटची पिढी आहे तोवर त्या उघडाव्यात, अशी माझी विनंती आहे. त्यांत दानाच्या नोंदीही सापडतील आणि दुसऱ्याही. संवत्सरीच्या दिवशी मी दरवर्षी सुमारे दोनशे जणांना दूरध्वनी करून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. यंदा त्या यादीत गावच्या सोबत्याचा क्रमांक सर्वांत वर होता. त्या शब्दांचा अर्थ त्याला सांगावा लागला. तो म्हणाला, ‘‘बरं शेट. दिवाळीला वही काढाल तेव्हा आमच्या आज्याचं नाव एकदा मोठ्यानं वाचा.’’

या दिवाळीला ते आम्ही वाचणार आहोत.