बेसमेंटमधला रेडॉन, पाइपातला पंखा आणि माझी ३७ पटीची चूक

सध्या रील्सवर एक नवीन भीती फिरतेय. 'तुमच्या घरात वास नसलेला, रंग नसलेला विषारी वायू आहे', मग एक छोटं पांढरं मशीन, मोबाइलवर लाल आकडा, आणि खाली खरेदीची लिंक. वायूचं नाव रेडॉन. आमच्या पिंपळगाव बसवंतच्या दोन-तीन मित्रांनी मला ते रील पाठवून विचारलं, 'घ्यायचं का रे?' त्यांना उत्तर द्यायच्या आधी माझ्याच घरातला किस्सा सांगतो, कारण त्यात मी स्वतः तोंडावर पडलोय.

माझी ताई न्यू जर्सीला असते. द्राक्षाचा हंगाम आटोपला की आई आणि नाना सहा महिन्यांसाठी तिच्याकडे जाणार, असं ठरलं होतं. त्यांच्यासाठी तिने बेसमेंटमधली खोली तयार केली. गार असते, शेजारीच बाथरूम, जिना चढायला नको. तिकडे गेलेल्या बऱ्याच आईवडिलांचा मुक्काम बेसमेंटमध्येच असतो, हे तुम्हीही ऐकलं असेल. दाजींनी तिथे रेडॉनचा मीटर ठेवला आणि मला ॲपचा स्क्रीनशॉट पाठवला. आकडा होता ६.१.

मी गुगल केलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचवलेली पातळी १००. मी लगेच रिप्लाय ठोकला, 'दाजी, १०० पर्यंत चालतं, तुमचं फक्त ६ आहे. टेन्शन नॉट.'

चूक एककात होती. अमेरिकेत रेडॉन मोजतात पिकोक्युरी प्रति लिटरमध्ये, आणि आरोग्य संघटनेचा आकडा आहे बेकरेल प्रति घनमीटरमध्ये. एक पिकोक्युरी म्हणजे ३७ बेकरेल. ६.१ गुणिले ३७ केलं तर साधारण २२६. म्हणजे मर्यादेच्या सव्वादोन पट. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए ४ पिकोक्युरीला, म्हणजे १४८ बेकरेलला, घर दुरुस्त करा म्हणते. ताईचं घर दोन्ही मापांनी वर होतं. दिवसभर कोडमध्ये युनिट तपासणाऱ्या माणसाकडून हे व्हावं! दोन दिवसांनी लक्षात आलं आणि रात्री अकराला फोन केला. (तुम्ही मीटर वापरत असाल तर ॲपच्या सेटिंगमध्ये आधी एकक बघा. बहुतेक मीटरमध्ये दोन्ही पर्याय असतात.)

रेडॉन येतो कुठून? खडकात आणि मातीत थोडंफार युरेनियम असतंच. ते हळूहळू फुटत रेडियम होतं आणि रेडियमपासून हा वायू. ३.८ दिवसांत तो निम्मा होतो, पण तेवढ्या वेळात जमिनीतून, फरशीच्या भेगांतून घरात शिरतो. त्याच्यापासून तयार होणारे पोलोनियमचे कण धुळीला चिकटून फुप्फुसात जातात आणि तिथे अल्फा किरण सोडतात. १९८८ पासून तो कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. ईपीएच्या अंदाजाने अमेरिकेत दरवर्षी सुमारे २१ हजार लोक यामुळे फुप्फुसाच्या कर्करोगाने जातात. हे लोकांना कळलं तेही योगायोगानेच. १९८४ च्या डिसेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस नावाचा इंजिनिअर कामावर येताना किरणोत्साराचा अलार्म वाजवायचा. केंद्र तेव्हा सुरूही झालेलं नव्हतं. किरणोत्सार तो घरून अंगावर घेऊन येत होता. त्याच्या घरात सुमारे २,७०० पिकोक्युरी निघाले.

दाजींचा पहिला विचार अगदी आपल्याकडचा: बेसमेंटच्या खिडकीत एक्झॉस्ट फॅन लावू, पन्नास-साठ डॉलरमध्ये काम होईल. मलाही पटलं होतं. पण हे उलट पडतं. एक्झॉस्ट खोलीतली हवा बाहेर ओढतो, खोलीतला दाब कमी होतो, आणि ती भरून काढायला जमिनीतली हवा आणखी जोरात वर येते. हिवाळ्यात बंद घरात हेच आपोआप होतं: गरम हवा वरून निसटते आणि खालून माती श्वास सोडते. त्यामुळे थंडीत आकडा चढतो. ताईने घर घेताना चाचणी झाली होती आणि ती पासही झाली होती, पण ती होती उन्हाळ्यातली दोन दिवसांची.

रेडॉन फॅन हवा ओढतो ती फरशीच्या खालून. काँक्रीटला भोक पाडतात, खालची थोडी खडी-माती काढून खड्डा करतात, त्यात तीन-चार इंची पीव्हीसी पाइप सोडतात आणि तो घराच्या छतावर नेतात. मध्ये पाइपातच पंखा. फरशीखालचा दाब घरापेक्षा कमी झाला की वायू घरात येण्याऐवजी पाइपात जातो आणि छतावर उडून पातळ होतो. पंखा बेसमेंटमध्ये बसवत नाहीत. पंख्याच्या पुढच्या पाइपात हवा दाबाने ढकललेली असते, तिथे सांधा गळला तर गोळा केलेला सगळा रेडॉन घरातच. म्हणून पंखा घराबाहेर किंवा पोटमाळ्यावर. भेगा आणि पाणी उपसायच्या खड्ड्याचं झाकणही सील करावं लागतं, नाहीतर पंखा घरातलीच हवा ओढत बसतो.

ताईला १,४०० डॉलर लागले, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. न्यू जर्सीत हे काम करणाऱ्याकडे राज्याचं प्रमाणपत्र लागतं. काम एका दिवसात झालं. महिन्याभराची सरासरी आली १.१, म्हणजे ४१ बेकरेल. इथे सरासरीच बघायची. असे मीटर हवेतल्या अल्फा कणांचे मोजके ठोके मोजतात, त्यामुळे तासाचा आकडा वरखाली नाचतो. त्यावरून भांडू नका.

देखभाल म्हणाल तर फारशी नाही, पण विसरली जाते. पाइपावर यू आकाराची नळी असते, आत रंगीत द्रव. दोन्ही बाजूंची पातळी वेगळी दिसली तर पंखा ओढतोय. दोन्ही सारख्या झाल्या की पंखा बंद किंवा पाइप तुंबला. आपल्याला सारखी पातळी 'बरोबर' वाटते, इथे ती धोक्याची. ही नळी रेडॉन मोजत नाही, फक्त ओढ दाखवते. म्हणून दर दोन वर्षांनी चाचणी परत करायची. पंखा कधीही बंद करायचा नाही, आणि काही वर्षांनी बेअरिंगचा आवाज यायला लागला की बदलायचा.

नानांची काळजी मी जास्त केली होती, कारण त्यांनी वीस वर्षं विडी ओढलीय. ईपीएच्या हिशोबाने आयुष्यभर ४ पिकोक्युरीत राहिलेल्या हजार धूम्रपान करणाऱ्यांत सुमारे ६२ जणांना फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, कधीच न ओढणाऱ्यांत ७. पण हे आकडे आयुष्यभराचे आहेत, सहा महिन्यांचे नाहीत. शांतपणे बघितलं तर खरा प्रश्न दाजींचा आणि भाच्याचा होता. एक तिथे रोज आठ तास लॅपटॉपवर, दुसरा शाळेतून आला की तिथेच खेळायला. आम्ही सगळे मात्र पाहुण्यांच्या गादीवर चर्चा करत होतो.

आता पिंपळगावच्या मित्रांचं. मीटर घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आपण दख्खनच्या बेसॉल्टवर बसलोय. काळ्या पाषाणात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी असतं. घराला जोतं असतं, तळघर नसतं, खिडक्या-दारं दिवसभर उघडी. ओट्याच्या ग्रॅनाइटची भीतीही फुगवलेली आहे, त्यातून निघणारा रेडॉन सहसा नगण्य असतो. पूर्व विदर्भात किंवा सिंधुदुर्गात जुने ग्रॅनाइट-नाइस खडक आहेत. तिथे तळमजल्यावर एसी लावून खोली कायम बंद ठेवत असाल, किंवा नाशिक-पुण्यात तळघरातल्या ऑफिसात दिवस काढत असाल, तर मोजायला हरकत नाही. पण मोबाइल स्वतः रेडॉन मोजू शकत नाही, तसा सेन्सरच त्यात नसतो. 'फोनने रेडॉन तपासा' म्हणणारं ॲप दिसलं तर सरळ अनइन्स्टॉल करा. बंद खोलीत रात्रभर मच्छर कॉइल लावत असाल, तर दीड-दोनशे डॉलरच्या मीटरआधी तिचं काहीतरी करा.

आई-नाना मेमध्ये निघतील, आणि झोपतील त्याच खोलीत. दाजी दर एक तारखेला त्या नळीचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतात. नानांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, 'रात्रंदिवस पंखा? बिल किती?' साठ वॅटचा धरला तर महिन्याला ४३ युनिट. 'म्हणजे आपल्या हॉलमधल्या फॅनएवढाच की,' म्हणाले आणि बागेत गेले.