हमी देणाऱ्यानेच निवाडाही करावा काय?

सुरतेला पाण्याचे भय नवे नाही. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सुटलेल्या पाण्याने तापीने अर्ध्याहून अधिक शहर गिळले होते. तापी शांत असली तरी मीठी खाडीसारख्या खाड्या पावसाळ्यात वस्तीत शिरतात. 2025 च्या जूनमध्येही त्या शिरल्या. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत पोटापाण्यासाठी खानदेशातून गेलेले सहस्रावधी मराठी बांधव राहतात, त्यांना हे सांगावयास नको. याच सुरतेत गुजरात सरकारच्या 2021 च्या धोरणाने विजेवर चालणाऱ्या मोटारीस दीड लाख रुपयांपर्यंत साहाय्य देऊ केले आणि लोक त्या वाहनाकडे वळले. ते धोरण 2025 च्या जूनअखेर संपले. गाड्या मात्र रस्त्यावर आहेत, आणि खाड्याही जागच्या जागी आहेत.

अशा मोटारीच्या किमतीचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून अधिक, एकट्या बॅटरीचा असतो. म्हणूनच कंपन्या आठ वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर अशी भरघोस हमी जाहिरातीत ठळक अक्षरांत छापतात. बारीक अक्षरांत काय असते? पुराचे पाणी, तळाला लागलेला मार, परक्या हाताने उघडलेली पेटी, वापराने होणारी स्वाभाविक झीज, यांपैकी काहीही हमीत बसत नाही. हे अपवाद सर्वस्वी अन्याय्य आहेत असे आमचे म्हणणे नाही. बुडालेल्या गाडीचा भार कारखानदाराने का उचलावा, हा प्रश्न रास्तच आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. गाडी खरोखर बुडाली होती की पेटीचे सील कारखान्यातच कच्चे राहिले होते, हे ठरविणार कोण?

आज ते कंपनीच ठरविते. बॅटरीचे तापमान, दाब, भारणीच्या वेळा यांची नोंद बॅटरीतील नियंत्रक यंत्रणा घेत असते. ती नोंद वाचण्याचे साधन कंपनीच्या कार्यशाळेत, पेटी उघडणारा कारागीर कंपनीचा, आणि ‘आत ओल आढळली’ हा शेराही त्याचाच. वादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच खुर्चीवर बसलेले! गाडीवान विमा कंपनीकडे गेला तर ती म्हणते, बाहेरून अपघाताची खूण दिसत नाही, हा कारखान्याचा दोष. दोघेही हात झटकतात आणि गृहस्थ काही लाखांचे अंदाजपत्रक हाती धरून उभा राहतो. एखादा भाग बदलून भागण्यासारखे असताना संपूर्ण पेटीच बदलण्याचा आग्रह धरला जातो, तो भाग वेगळाच.

विम्याच्या कायद्यात एक जुने तत्त्व आहे: अपवादाचा आधार घेणाऱ्याने अपवाद सिद्ध करावा. ते हमीपत्राला का लागू नसावे? युरोपीय संघाने 2023 च्या बॅटरीविषयक नियमांन्वये बॅटरीच्या प्रकृतीची नोंद पाहण्याचा हक्क ती खरेदी करणाऱ्याला दिला आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने 2022 मध्ये बॅटरीच्या सुरक्षिततेचे निकष कडक केले, ते योग्यच झाले. परंतु नोंदीचा हक्क मालकाला मिळाल्यावाचून त्या निकषांचा उपयोग त्याला वादात होणार नाही.

2019 चा ग्राहक संरक्षण कायदा येथे उपयोगी आहे, पण त्यातही एक मेख आहे. उत्पादनापासून होणाऱ्या हानीच्या भरपाईचे जे नवे प्रकरण त्यात घातले, त्यातून हमीभंगामुळे खुद्द वस्तूचेच झालेले नुकसान वगळलेले आहे. तेव्हा तक्रार ‘सदोष वस्तू’ व ‘सेवेतील उणीव’ या जुन्या वाटेनेच न्यावी लागते. दोष तपासणीवाचून ठरत नसेल तर आयोग वस्तूचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पण शेकडो किलो वजनाच्या बॅटरीचा नमुना मोहोरबंद करून कसा धाडावा? त्यातच तपासणीचे शुल्कही तक्रारदारालाच भरावयास लागू शकते. म्हणून कागद आधीपासून जमवावा. नकार लेखी मागावा, नोंदीची छापील प्रत मागावी, आणि आपण व विमा कंपनीचा पाहणीदार हजर नसताना पेटी उघडू देऊ नये. गाडी पेढीच्या नावे घेऊन कर वाचविणाऱ्या सुरतेच्या व्यापाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: ‘हा ग्राहकच नव्हे’ ही कंपनीच्या वकिलाची पहिली हरकत तेथेच निघते.

सीमेवरच्या आपल्या वाचकांच्या दृष्टीने याच कायद्यातील एक तरतूद फार मोलाची आहे. नवापूरचे रेल्वेस्थानक निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत. तेथल्या माणसाला मोठी खरेदी म्हटली की सुरतच जवळची. गाडी सुरतेत घेतली म्हणून तक्रारीसाठी सुरतेला खेटे घालावे लागत नाहीत. तक्रारदार जेथे राहतो किंवा पोटापाण्याचा व्यवसाय करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे त्याला दाद मागता येते. कोल्हापुरात गाडी घेणाऱ्या बेळगावकरालाही हाच नियम. मुदत दोन वर्षांची. आणि दहा ते वीस लाखांच्या गाडीसाठी 2020 च्या नियमांप्रमाणे शुल्क अवघे 400 रुपये. एवढा खर्च करून नवापूरच्या गृहस्थाने नंदुरबारात अर्ज दिला, की सुरतेच्या विक्रेत्याने आणि त्याच्या कंपनीने ‘ओल आढळली’ या दोन शब्दांचा पुरावा घेऊन तेथे हजर व्हावे.