माझी गाडी रात्री ओरडायची

तेजपूर. तीन महिने पाऊस आहे. कपाटातल्या बुटांना बुरशी येते, मीठ बरणीत गोळा होऊन बसतं. क्वार्टरची वेटिंग लिस्ट लांब, म्हणून गावातल्या एका गल्लीत भाड्याने राहतोय.

मंडळी, आज भांडायचं आहे. पण सुरुवात स्वतःपासून करतो, म्हणजे नंतर कुणी तोंड बंद करायला नको.

माझी गाडी सेकंडहँड. आधीच्या मालकाने बाजारातून अलार्म बसवून घेतलेला. पाऊस सुरू झाला आणि गाडी रात्री दोन-अडीचला बोंबलायला लागली. जवळ माणूस नाही, कुत्रं नाही, वारा नाही. मी पलंगावरूनच रिमोट दाबायचो, गप्प करायचो, कूस बदलायचो. वरच्या मजल्यावरची आइता (इकडे आजीला आइता म्हणतात) सकाळी फक्त विचारायची, "बेटा, रात को नींद आया?" टोमणा कळत होता. मी हसून युनिटला निघून जायचो.

आणि मी कोण? सिग्नल्सचा माणूस. बावीस वर्षं लाईनमधला फॉल्ट शोधून पोट भरतोय. आमच्या कोअरचं ब्रीदवाक्य 'तीव्र चौकस'. हिंदीत चौकस म्हणजे सावध, आपल्या मराठीत खोदून खोदून विचारणारा. माझ्या दाराशी दोन्ही अर्थ झोपले होते.

दोन दुकानांत गाडी नेली, नाही असं नाही. पहिल्याने बॉनेटही न उघडता सांगितलं, युनिट बदला. दुसरा जास्त हुशार. त्याने फ्यूज काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, हो गया. मी तो परत लावून घेतला, पण पुढे काहीच केलं नाही. मित्रांचा सल्ला एकच, "अरे, सगळ्यांच्याच वाजतात."

मग ती रात्र आली. अलार्म वाजला. मी रिमोट दाबला. वाजतच राहिला. पुन्हा दाबला. रिमोटमधला सेल गेला असणार म्हणून शिवी हासडली आणि उशी कानावर घेतली. थोड्या वेळाने आवाज थांबला.

सकाळी समोरच्या रिटायर्ड मास्तरांच्या गाडीची काच फुटलेली. स्टिरिओ गेला, स्टेपनी गेली, बॅटरीसुद्धा गेली. रात्री वाजत होता तो अलार्म त्यांचा होता. मी खाली गेलो तेव्हा मास्तर काचा गोळा करत होते. मला म्हणाले, "सुना तो था, फौजी साहब. मुझे लगा आपकी है."

स्वतःच्या गाडीची हाक माणसाला ओळखता येऊ नये, ही वेळ त्यांच्यावर मी आणली.

'लांडगा आला रे आला' आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलंय. त्यातलं पोरगं खोटारडं होतं. माझी गाडी खोटारडी नव्हती, आजारी होती. आजारी सेंट्रीला कुणी ड्युटीवर उभं करतं का? रात्री पोस्टवर कुणी ओरडलं आणि स्टँड-टू फुकट गेलं, तर आपण ओरडणाऱ्याला झापत नाही. पण तो का ओरडला हे पाहिल्याशिवाय कुणी परत झोपतही नाही. ही शिस्त छावणीच्या गेटवर ठेवून आपण घरी येतो, हे माझं भांडण आहे. पेन्शनर मंडळींशीही आहे. तुमच्या सोसायटीत वाजणारी गाडी कुणाची असते, बघा एकदा.

त्या रविवारी मल्टीमीटर काढला. इंजिन रात्रभर बंद, तरी बॅटरी 12.5 व्होल्ट दाखवत होती. म्हणजे ती बरी. ती पडलेली असती, तर आधी तिथेच थांबलो असतो, कारण व्होल्टेज घसरलं की काही अलार्म त्यालाच चोरी समजतात. टर्मिनलवरची पांढरी भुकटी घासली, नट आवळले. दारांची शंका डॅशबोर्डनेच मिटवली, दार उघडं असल्याचा दिवा लागत नव्हता. मग लाईनमनची जुनी युक्ती केली. लाईन मधे तोडा, फॉल्ट कुठल्या अर्ध्यात आहे ते बघा, त्या अर्ध्याचे पुन्हा दोन करा. पहिल्या रात्री धक्का ओळखणाऱ्या सेन्सरचा प्लग काढून ठेवला. तरी बोंब. म्हणजे ज्या सेन्सरला सगळे शिव्या देतात, तो निर्दोष. दुसऱ्या रात्री तो परत लावला आणि बॉनेटच्या स्विचची वायर सोडली. धो धो पाऊस, आणि गाडी गप्प. तिसरी रात्र गप्प. चौथी गप्प.

स्विच म्हणजे काय, तर बॉनेटखाली बसवलेली स्प्रिंगची एक खुंटी. बॉनेट बंद असलं की ती दाबलेली राहते. उघडलं की वर येते, वायर बॉडीला अर्थ होते आणि अलार्मला कळतं. माझ्या खुंटीवरचं रबर फाटलेलं, आत गंज आणि पाणी. ओल चढली की बॉनेट बंद असूनही अर्थ मिळायचा. नवा स्विच दीडशे रुपयांना मिळाला. खुंटी नीट दाबली जातेय का हे बघायला तिच्यावर खडू लावून बॉनेट एकदा मिटलं, ठसा उमटला. काम अर्ध्या तासाचं. दीडशे रुपये आणि अर्धा तास, मास्तरांच्या काचेच्या आधी खर्च करायचे होते.

कुणी म्हणेल, सेन्सरचा स्क्रू फिरवून तो अगदी कमी करून टाका. म्हणजे सेंट्रीच्या कानात कापूस. फ्यूज काढा? म्हणजे सेंट्रीला पोस्टवरून उठवून आणा, आणि 'गाडीला अलार्म आहे' असा स्टिकर मात्र काचेवर तसाच ठेवा. खरा चोर अलार्मला घाबरत नाही म्हणणारेही भेटतात. खरंच आहे, तो अलार्मला घाबरतच नाही. त्याला धास्ती असते ती खिडकीत लागणाऱ्या दिव्याची, आणि आपल्या गल्लीतले दिवे मीच एकेक करून विझवले होते.

कायदाही आहे हो. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री 10 ते सकाळी 6 निवासी भागासाठी 45 डेसिबलची मर्यादा सांगतात. पण आइताची झोप मोजायला डेसिबल मीटर कशाला हवा?

मास्तरांनी नवीन काच बसवली. पैसे देऊ केले, घेतले नाहीत. त्यांच्या अलार्मचा भोंगा मी बदलून दिला, वेगळ्या आवाजाचा. आता दोन गाड्या अंधारातही ओळखू येतात.

मंगळवारी रात्री पुन्हा एक अलार्म. ना माझा, ना मास्तरांचा. टॉर्च घेऊन खाली गेलो. टोकाच्या घरासमोरची गाडी, बॉनेटवर मांजर. मालक उठेना. बेल वाजवली, दोनदा. बनियनवर बाहेर आला, भयंकर चिडला. म्हणाला, बिल्ली ही तो है. चिडू दे. रविवारी मल्टीमीटर घेऊन जाणार आहे त्याच्याकडे.