दात वारशाचे, कीड सवयीची

‘आमच्या घरात सगळ्यांचेच दात किडके, मग पोराचे कसे चांगले राहणार?’ दातांच्या ओपीडीत हे वाक्य खान्देशात काय किंवा मुंबईत काय, सारखेच ऐकू येते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

2025 या वर्षात या विषयाशी जोडलेल्या दोन घडामोडी झाल्या. जानेवारीत ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पातील सुमारे 10 हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती संशोधकांना खुली झाली. 22 सप्टेंबरपासून टूथपेस्ट आणि टूथब्रशवरील जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. भुसावळच्या एखाद्या शाळकरी मुलाच्या दातांसाठी यातले जास्त मोलाचे काय?

आधी जनुकांचा वाटा पाहू. दातावरचे कठीण कवच, म्हणजे इनॅमल, घडवणारी प्रथिने जनुकांच्या आराखड्यानुसार बनतात. त्यात थोडा फरक पडला तर कवच पातळ किंवा ठिसूळ होऊ शकते. लाळ किती सुटते, ती आम्ल किती लवकर शमवते, दाढांवरच्या खाचा किती खोल आहेत, गोडाची ओढ किती, यांवरही आनुवंशिकतेचा प्रभाव असतो. मात्र ‘किडीचे जनुक’ असे एकच काही नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात किडीशी नाते असलेल्या 47 जागा जनुकसंचात आढळल्या. प्रत्येकीचा परिणाम अगदी छोटा, आणि तपासलेले बहुतांश लोक युरोपीय वंशाचे. त्यावरून खान्देशातल्या मुलाचे भाकीत करता येत नाही. भारतीय माहितीचे महत्त्व इथेच आहे, पण त्याची फळे मिळायला वेळ लागेल.

जुळ्यांच्या काही अभ्यासांत किडीतील फरकाचा साधारण निम्मा वाटा आनुवंशिक आढळला. या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. एका मुलाच्या दहा किडक्या दातांपैकी पाच आईवडिलांमुळे, असा तो नाही. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला हे लगेच कळेल. एकाच मातृवृक्षापासून केलेली टिश्यू कल्चरची रोपे जनुकांनी सारखीच असतात. तरी पाणी आणि खत वेळेवर मिळालेल्या बागेत घड भरतो, दुर्लक्षित बागेत तो लहान राहतो. वाण तोच, निगा वेगळी.

दाताचेही तसेच. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. आम्लता 5.5 पीएचच्या खाली गेली की इनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. लाळेला हे नुकसान सावरायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच ती दिवसातून किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचे. पाळीची ड्युटी करणाऱ्याचा दर दोन तासांचा गोड चहा किंवा मुलाच्या हातातले दिवसभराचे बिस्कीट दातांना सावरायला वेळच देत नाही. ऑस्ट्रेलियातील 5 ते 11 वर्षांच्या जुळ्यांच्या 2017 मधील अभ्यासात असेही दिसले, की जे जिवाणू आनुवंशिकतेने ठरतात ते किडीशी जोडलेले नव्हते.

घरात सर्वांचेच दात किडतात, त्यामागे बऱ्याचदा जनुकांइतकाच एकच साखरेचा डबा असतो. आईने उष्टा चमचा बाळाच्या तोंडात घातला, तर कीड करणारे जिवाणूही पुढच्या पिढीकडे जातात. हाही वारसाच, पण मोडता येणारा.

‘घराण्यातच आहे’ म्हणून हात टेकण्यातला खरा धोका असा, की उपचार लांबतात. ‘दुधाचे दात पडणारच’ ही समजूत त्यात भर घालते. किडका दुधाचा दात दुखतो, मूल नीट जेवत नाही, झोपत नाही आणि खालच्या पक्क्या दातालाही संसर्ग पोहोचू शकतो.

म्हणून ज्या घरात किडीचा इतिहास आहे, तिथे काळजी दुप्पट हवी. दिवसातून दोनदा 1000 ते 1500 पीपीएम फ्लोराइडची पेस्ट वापरावी. तीन वर्षांखालील बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही नको. मिश्री हा दंतमंजनाचा पर्याय नाही. ती तंबाखूच आहे. पक्क्या दाढा सहाव्या वर्षाच्या सुमारास येतात, तेव्हा त्यांच्या खाचा सीलंटने बुजवून घेता येतात.

राज्यात मे 2023 पासून ‘स्वच्छ मुख अभियान’ सुरू आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतील मुलांचे दातही तपासले जातात. त्या तपासणीत दोष निघाला, तर पुढच्या उपचाराला मुलाला नेणे ही घराची जबाबदारी आणि तो उपचार जवळ उपलब्ध असणे ही व्यवस्थेची. जनुके बदलता येत नाहीत. पण स्वस्त झालेली पेस्ट आजच आणता येते, आणि चहातली साखर आजच कमी करता येते.